ट्यूब आणि श्रेयाचा गाल

६ मे
कमरेवर गजकर्ण. लहानसंच, बेल्टखाली. वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनसमोर घाम येणारच. बायकोचं, योगिनीचं म्हणणं, स्किनच्या डॉक्टरला दाखवा. एवढ्यासाठी सुट्टी? मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली. संध्याकाळी खाज गायब. आपलं डोकं चालतं.

११ मे
डाग पुसट. ट्यूब बंद. औषध उगाच जास्त लावू नये, हे लोकांना कळत नाय.

२३ मे
परत आलं. मोठं कडं, मांडीवर पण. म्हणजे आतली घाण बाहेर पडतीय. ट्यूब पुन्हा चालू. लाइनवरच्या भारतलाही तीच सुचवली. तो मला डॉक्टरसाहेब म्हणाला.

९ जून
योगिनीच्या पोटावर उठलंय. एकच टॉवेल वापरतो म्हणून, असं तिला वाटतं. लई संशयी. तिलाही ट्यूब दिली, तिनं लावली नाय. भारत हल्ली कँटीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसतो. कामात असेल.

१७ जून
आमची श्रेया अजून रांगतीय. आज तिच्या गालावर लाल कडं. योगिनीनं बजावलं, "तिला तरी ती ट्यूब लावू नका." बरं म्हणालो. ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्यावर थोडीशी लावली. बापाला काळजी असते.

२४ जून
रोज लावतोय. गाल साफ. योगिनी म्हणाली, आपोआप गेलं, देवाची कृपा. श्रेय घेणं माझ्या स्वभावात नाय.

८ जुलै
श्रेयाचा गाल पुन्हा लाल. कडं कानापर्यंत. रात्रभर रडली. हवा बदललीय. उद्या डॉक्टर, योगिनीचा हट्ट.

९ जुलै
डॉक्टर मॅडम शांत होत्या. अशा ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं म्हणे. खाज दबते, बुरशी पसरत राहते. आम्हा दोघांना गोळ्या, श्रेयाला वेगळं मलम, टॉवेल वेगळे. मग विचारलं, बाळाला काही लावलं होतं का?
"नाही," योगिनी ठामपणे म्हणाली.
मॅडमनी गालावर टॉर्च धरला. कातडी पातळ झालीय, आतल्या शिरा दिसतायत, लावल्याशिवाय असं होत नाही, म्हणाल्या. योगिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहत होतो.
"मीच लावली," ती म्हणाली.
मॅडम तिला बरंच बोलल्या. तिनं ऐकून घेतलं. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.
बजाजनगरपर्यंत रिक्षात ती तोंड फिरवून बसली. उन्हानं थकली असेल. घरी आल्यावर श्रेयाला घ्यायला हात पुढं केले.
"आधी हात धुवा."
साबणानं धुतले. तरी दिली नाय.