कुठल्या झाडाखाली

बुध., १८ फेब्रु. (राखेचा बुधवार)
चर्चमधली मिस्सा आटोपून तशीच कोर्टात गेले. फादरनी कपाळावर लावलेली राख पुसायची राहिलीच. आजच्या खटल्यातले फिर्यादी शेठ म्हणाले, "काय मॅडम, अंगारा? अक्कलकोटला जाऊन आलात वाटतं!" व्हरांड्यातले सगळे हसले. मीही हसले. सरकारी वकिलाला फिर्यादीशी गोड राहावं लागतं.
शेठच्या घरातल्या पाटल्या चोरीला गेल्या, असा खटला. आरोपी नरसम्मा, त्यांची धुणंभांडी करणारी. न्या. मॅडमनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? ती म्हणाली, "गुन्हा नाही मॅडम. मी काम सोडलं, म्हणून चोर." एवढंच. काम का सोडलं, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. ते विचारणं माझं काम नव्हे म्हणे.

सोम., २ मार्च
फाइल वाचली. पाटल्या सापडलेल्याच नाहीत. सगळा खटला दोघांच्या सांगण्यावर उभा: शेठ आणि त्यांचा साडू. दोघांनी तिला मागच्या अंगणात काहीतरी पदरात गुंडाळताना पाहिलं. दोन्ही जबाब शब्दाला शब्द सारखे, स्वल्पविरामसुद्धा. फौजदारांना फोन केला. "कॉपी-पेस्ट हो मॅडम, टायपिंग वाचतं. नेहमीचंच की." खरंय, नेहमीचंच आहे. तरी दोन्ही जबाब शेजारी ठेवून पुन्हा वाचले.

सोम., २३ मार्च
आज चर्चमधला शास्त्रपाठ बायबलातल्या सुसान्नेचा. लहानपणापासून दर उपवासकाळात ऐकते. दोन प्रतिष्ठित म्हातारे, बागेतली बाई, तिनं नाही म्हटलं म्हणून तिच्यावर खोटी साक्ष. मग तो पोरगा दानिएल उठतो, एकेकाला वेगळं विचारतो, कुठल्या झाडाखाली? दोघं दोन झाडं सांगतात आणि खोटं उघडं पडतं.
आज मात्र पाठ संपून सगळे उठले तरी मी बाकावर बसूनच राहिले. आई कुजबुजली, "काय गं, बरं न्हाय व्हय?" म्हटलं, उपवास लागला.

मंगळ., २४
काय मूर्ख मी! साक्षीआधी आपापले जबाब ऐकायला दोघं ऑफिसात आले. एरवी दोघांना समोर बसवून एकदाच वाचते, सगळेच वाचतात. आज शेठला एकट्याला आत घेतलं. विचारलं, ती अंगणात नेमकी कुठं उभी होती? ते चपापले. मग म्हणाले, "हौदाजवळ." त्यांना बाहेर पाठवून साडूला बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत हा म्हणतो, "हौदाजवळ होती मॅडम, हौदाजवळ."
दानिएलनं आधी दोघांना लांब केलं, मग विचारलं. मी दोघांना एका दारानं सोडलं, दारातच एकानं दुसऱ्याला सांगितलं. अर्धाच पाठ ऐकून शहाणी झाले.
आता खोटं बोलतायत ते मला कळलं. आणि मला कळलं हे त्यांना कळलं.

बुध., २५ (मरियेला देवदूताचा निरोप)
आई चर्चहून खुशीत आली. "एक गाडीवाला भेटला. लई चांगला मानूस. म्हनला, मावशी, रोज सकाळी एकट्याच येता का? रस्ता वाईट हाय, सोडू का?"
तू काय म्हणालीस?
"म्हनलं, चालायची सवय हाय बाबा. तर म्हनला, मॅडमला नमस्कार सांगा."
मॅडमला. आईनं त्याला सांगितलं नव्हतं मी कोण ते.
 फौजदारांना फोन. "म्हातारीला गाडीवर सोडतो म्हणणं कुठल्या कलमात बसवू मॅडम?"
देवदूत म्हणतो, भिऊ नकोस. त्याला काय जातंय म्हणायला.

गुरु., २६
उद्या साक्ष. सीनियर म्हणाले, "जबाबाप्रमाणे विचार, खाली बस. तिचा वकील पोरगेला आहे, तो काही विचारणार नाही. तू कशाला?" बरोबर. मी काही विचारलं नाही तर कुणीच विचारणार नाही.
फादरना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "आईला थोडे दिवस टेंभुर्णीला नातलगांकडे पाठव." धीर द्यायला गेलेल्या बाईला हे उत्तर! आईला विचारलं तर, "उपवासात गाव सोडू? काय खुळी का काय!"
दानिएलला म्हातारी आई नव्हती. असली तरी लिहिलेलं नाही.
अर्ज तयार केलाय. दोघांची साक्ष एकाच बैठकीत, मधे जेवणाची सुट्टी नको, दुसरा वेगळ्या खोलीत पट्टेवाल्यापाशी. द्यायचा की फाडायचा ते उद्या बघू. प्रभू, मला लई भीती वाटते.

शुक्र., २७
कोर्टातच लिहितेय. न्या. मॅडम आत गेल्यात, दोन मिनिटं आहेत.
सकाळी आईला म्हटलं, आजचा दिवस जाऊ नकोस. "शुक्रवारची क्रुसाच्या वाटेची प्रार्थना चुकवू व्हय? आन् भ्यायचंच तर तू कोर्टात कशाला जाती?" गेली. मी निघेपर्यंत आली नाही. चर्चवरनं आले, सिस्टर म्हणाल्या, आई केव्हाच निघाल्या. फोन बंद. मिस्साला बंद करते आणि चालू करायचं विसरते, नेहमीचंच. भाजी घ्यायला थांबली असेल. शेजारच्या काकू म्हणतात, कुलूप आहे.
तरी अर्ज दिला. मंजूर झाला. साडूला पट्टेवाल्यानं वेगळं बसवलं.
शेठला विचारलं, अंगणात झाड आहे? "आहे." कुठलं? दाराकडे बघत, "शेवग्याचं." ती त्याच्याखाली होती? "हो, त्याच्याखालीच." टाइप झालं. हौदाचं नावसुद्धा नाही.
पिंजऱ्यातून उतरताना माझ्या टेबलाशी वाकले. हळू आवाजात, "आई पोचल्या का घरी?"
टेबलाखाली फोन लावला. बंद. काकूंना लावला. कुलूपच.
साडूला फक्त जबाब वाचून दाखवला तर? झाड नाही विचारलं तर? कुणाला कळणार आहे? नरसम्मा बघतेय माझ्याकडे. तिला झाडाचं काही माहीत नाही. तिला वाटतंय, मी तिला तुरुंगात पाठवायला उभी राहतेय.
न्या. मॅडम आल्या. पुकारा झाला. साडू आत येतोय, शेठकडे बघायला मान वळवतोय. शेठला बाहेर काढायला सांगितलं मी.
आईचा फोन अजून बंद आहे. उठते.