केसभर मागे

सिहोरा
१२ जानेवारी २०२५

चि. वच्छला हिस,
डोमादादाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र लिहितो, कारण फोनवर तुम्ही सगळे हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता. मागच्या वेळी तू इतकं बोललीस आणि मला फक्त शेवटचा जय भीम कळला. तुमच्या पवनीचा संघपाल बरा, मोकळ्या गळ्याने बोलतो. तो परवा तुमसरच्या स्टँडवर भेटला. म्हणाला, तुमच्या भाच्याने, अश्वजितने, ट्रक कारध्याच्या कैलाश मिस्त्रीकडे नेला आणि इंजेक्शन पंपाचं टायमिंग नव्याने करून घेतलं.

दिवाळीनंतर तो पंप मीच बसवला ना? तुझ्या अंगणात, तुझ्यासमोर. पंप थोडा थोडा पुढे फिरवत जायचा. डिझेल वेळेआधी पडू लागलं की इंजिन ठोका देतं. ठोका कानावर आला की केसभर मागे घ्यायचं आणि नट आवळायचे. जन्मभर असेच पंप लावले, कोणी गाडी परत आणली नाही. हा कैलाश म्हणे वाकडी नळी लावतो आणि डिझेलची धार तुटून थेंब कधी पडतो ते बघत बसतो. गाडीला काय सलाईन लावली आहे? शिवाय त्याचे हात म्हणे स्वच्छ असतात. ज्या मिस्त्रीचे हात स्वच्छ, त्याने काम कधी केलं?

अश्वजित त्याला कैलाशदादा म्हणतो, त्याच्या घरी जेवतो, हे मी सोडून दिलं. पण रुयाडच्या धम्ममेळाव्याला गाडी जाईल तेव्हा केबिनमध्ये म्हणे तो बसणार. खिडकीजवळची ती जागा माझी आहे, वच्छला. गाडी घेतली तेव्हापासून माझी आहे. मला तिथून काढलं असेल तर स्पष्ट लिही. मी एस.टी.ने जाईन, नाहीतर घरीच बसेन.

जेवण कडू लागतं. आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
डोमादादा


पवनी
२० जानेवारी २०२५

ती. डोमादादास,
वच्छलाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले. कैलाशला तीन मुलं आहेत आणि तू त्याच्यावर सवतीसारखा जळतोस. मग हसू गेलं. अश्वजितने मला बजावलं होतं की मामाले सांगू नको, कायले दुखवाचं. पण तू केबिनच्या जागेपर्यंत गेलास, आता लपवून काय करू?

दादा, तू पंप लावलास त्या दिवशी इंजिन असं ठोकत होतं की फळीवरचे पितळी गंज वाजत होते. शेजारची रीता लेकराला कडेवर घेऊन बाहेर आली. आणि तू इंजिनाजवळ उभा राहून हसत होतास, म्हणालास, मधासारखी चालते. कोणाच्याने तुला काही सांगवलं नाही. ठोका तुला ऐकू आला तोवर पंप फार पुढे गेला होता. तू केसभर मागे घेतलास, पण तेवढ्याने काय होणार?

मामाने लावलेला पंप म्हणून अश्वजितने धानाच्या कितीतरी खेपा तशाच केल्या. इंजिन तापू लागलं तेव्हाच तो कारध्याला गेला. आमच्या फोनला काही झालेलं नाही, दादा.

केबिनचं अजून काही ठरलं नाही. वाटेत बिघडली तर मिस्त्री सोबत असावा, एवढंच अश्वजित म्हणाला होता. पुढच्या मंगळवारी तो गाडी पुन्हा तपासायला कारध्याला नेतो आहे. तू ये, स्वतः बघ. रुसून बसलास तर रुयाडला मीही जाणार नाही.

रागावलास तरी लोभ कमी करू नये.

तुझी
वच्छला


सिहोरा
२ फेब्रुवारी २०२५

चि. वच्छला हिस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग सुनेला म्हटलं, माझ्या पाठीमागे ताट पाड. मी वाट बघत उभा राहिलो. शेवटी वळून बघितलं तर ताट जमिनीवर होतं. सून हसली नाही, म्हणून मला खरं वाटलं.

मंगळवारी कारध्याला गेलो. कैलाशचे हात खरंच स्वच्छ आहेत, काम झालं की साबणाने धुतो. त्याने इंजिन सुरू केलं. मी पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली. काही नाही. मग मूठ दातांत धरली, तेव्हा अख्खं इंजिन जबड्यातून डोक्यात आलं. एकसारखं, कुठे ठोका नाही. इतकं बरोबर होतं की माझ्या पोटात दुखलं.

कैलाश माझ्यासमोर येऊन, ओठ दिसतील असा वाकला आणि म्हणाला, "मामा, बराबर आहे का?"

अश्वजित बघत होता, चहावाला बघत होता. मी म्हटलं, केसभर मागे घे.

त्याने वाद घातला नाही. इंजिन बंद केलं, नट ढिले केले, पंप केसभर मागे घेतला. मी चहा प्यायला वळलो. ट्रकच्या आरशात दिसलं, त्याने पुन्हा ती वाकडी नळी लावली, थेंब बघितला आणि पंप होता तिथे आणून ठेवला. अश्वजित तेवढा वेळ वैनगंगेकडे बघत होता. त्यांना वाटलं मला कळलं नाही. माझे कान गेले आहेत, डोळे नाहीत.

परतीच्या एस.टी.त मी राग येण्याची वाट बघत होतो, तुमसरपर्यंत आला नाही. त्याने चार माणसांत माझा शब्द खाली पडू दिला नाही आणि गाडीही बिघडू दिली नाही. दोन्ही एकदम करणं मला कधी जमलं नसतं. तरी तो मला आवडत नाही, हे तुला म्हणून लिहितो.

अश्वजितला आशीर्वाद सांग. तब्येतीला जप आणि या म्हाताऱ्यावरची माया राहू दे.

तुझा
डोमादादा

ता. क. रुयाडला कैलाशलाही घेऊ या. केबिनमध्ये तिघे मावतात. त्याला मध्ये बसव. खिडकीजवळ मी.