जमादाराले कोनं ढकललं

चंदाचे बाबा,

मी सोमाजीभाऊसंगं मोटारीनं चांद्याले, तुमच्या वकिलाकडं चालली. उद्या येईन. भात झाकून ठेवला हाय, मासोळीचा रस्सा तेवढा गरम करून घ्या.

तलावाच्या ठेकेदाराच्या जमादाराले एका हातानं उचलून पान्यात फेकलं, असं तुमी अहेरीच्या बाजारभर सांगितलं, म्हनूनच तर पोलीस आले. आता जमानतीवर सुटले तरी पानठेल्यावर थेच सांगून राह्यले! वकीलसाहेबानं आयकून कपाळाले हात लावला. म्हने, हा मानूस सोताच सोताले जेलात टाकून राह्यला.

म्हनून खरं काय थे मीच सांगन. मी तलावाच्या घाटावर धुनं धूत होती, बाजूले आपली म्हैस उभी होती. जमादार काठी घेऊन आला, तवा तुमी मोहाच्या झाडावर चढले. मंग त्यानं काठी म्हशीलेच मारली, अन् म्हशीनंच त्याले पान्यात ढकललं.

कोर्टात सारं गाव हासन. हासू द्या. मले शूर नवरा नाई पायजे, घरी असनारा पायजे. मी येतपर्यंत तोंड बंद ठेवा, अन् म्हशीले ढेप जास्त घाला.

गिरजा