रकाना क्रमांक चौदामधील दोन मुलींबाबत

दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. प्राचार्य,
जिल्हा अध्यापक विकास संस्था,
औद्योगिक परिसर विभाग.

अर्जदार : श्रीमती विजयश्री मारुतराव काळोखे, प्रभारी मुख्याध्यापिका, प्राथमिक शाळा, बोरजाईवस्ती, चाकण परिसर.

विषय : दि. १६ ते २८ फेब्रुवारी या काळातील सक्तीच्या प्रशिक्षणास हजर न राहण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. गुणवत्ता/अधोगती/११७/२०२६, दि. ४ फेब्रुवारी २०२६.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविते की, संदर्भीय पत्र मिळाले. दोनदा वाचले. मी प्रशिक्षणास येणार नाही. हा अर्ज परवानगीसाठी नाही. त्या दिवशी माझी खुर्ची रिकामी दिसल्यावर आपल्याकडे शोधाशोध होऊ नये, एवढ्यासाठी आधीच लेखी देत आहे. कारणे खालीलप्रमाणे.

१. जुलै आणि जानेवारीतील वाचन चाचण्यांची तुलना करून आपण आमची शाळा अधोगतीकडे जाणारी ठरवली आहे. विद्यार्थी क्र. १४ हिला जुलैमध्ये गोष्ट ओघाने वाचता येत होती, जानेवारीत तिला मुळाक्षरेही ओळखता आली नाहीत आणि यास वर्गशिक्षिकेचे अध्यापन कारणीभूत आहे, असे अहवालात नमूद आहे. महोदय, सहा महिन्यांत एखाद्या पोरीला येत असलेलं सगळं वाचन विसरायला लावायचं, तर मला भलतीच मेहनत घ्यावी लागली असती. एवढी मेहनत मी केलेली नाही. जुलैतली क्र. १४ म्हणजे तेजस्विनी. तिचे वडील फिटर. दिवाळीत त्यांना कंपनीने दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्लांटवर पाठवलं आणि चार दिवसांत बिऱ्हाड हललं. जानेवारीतली क्र. १४ म्हणजे दिव्या. वय वर्षे आठ, डिसेंबरात लातूरकडून आलेली, त्याआधी शाळेत नावापुरती. या दोघींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नाही.

२. एका रकान्यात दोन मुली कशा बसल्या, हा प्रश्न रास्त आहे. बसवल्या मी. चूक माझी आहे आणि ती मी कबूल करते. आपल्या ऑनलाइन तक्त्यात आमच्या शाळेला एकतीस रकाने आहेत. वर्षाच्या मध्येच गेलेल्या मुलाचं नाव शाळा सोडल्याचा दाखला नेल्याशिवाय निघत नाही आणि आलेल्याचं नाव आधीच्या शाळेच्या दाखल्याशिवाय चढत नाही. ठेकेदाराकडे काम करणारी माणसं दाखला घ्यायला थांबत नाहीत. गेट पास संपला की खोली सोडतात. मी ऑगस्टमध्ये आपले अधिव्याख्याता श्री. निरंजन देसले यांना फोन करून विचारलं होतं. रकाना रिकामा ठेवू नका मॅडम, टक्केवारी खाली येते, असं त्यांनी सांगितलं. म्हणून गेलेल्या मुलाच्या जागी आलेलं मूल भरत गेले. या पट्ट्यातल्या निम्म्या शाळा हेच करतात. मी लिहून देत आहे, बाकीचे देत नाहीत, एवढाच फरक.

३. याच पद्धतीने क्र. २२ ची मातृभाषा जुलैमध्ये मराठी आणि जानेवारीत ओडिया आढळली. त्यावर आपल्या अहवालाचा शेरा असा आहे, की सदोष अध्यापनामुळे विद्यार्थ्याच्या मातृभाषेवर विपरीत परिणाम झाला असावा. हे वाक्य टाइप झालं, तपासलं गेलं आणि त्याखाली तीन सह्या झाल्या. तिघांपैकी एकालाही थांबावंसं वाटलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. आणि क्र. १४ च्या प्रगतीबाबत पालकांचं समुपदेशन करण्याचं पत्र तक्त्यातल्या जुन्या मोबाइल क्रमांकावर, म्हणजे तेजस्विनीच्या घरी गेलं. तिच्या आईचा मला फोन आला. पोरगी इकडे घडाघडा वाचते, तिथे तिला काय झालं म्हणता, असं ती माउली रडकुंडीला येऊन विचारत होती. मी तिची माफी मागितली. खरं तर ती आपण मागायला हवी होती.

४. आता प्रशिक्षणाविषयी. स्थलांतरित बालकांचे अध्ययन सातत्य हा विषय आहे. स्थळ ताथवडे येथील एका महाविद्यालयाचं सभागृह. सुट्ट्या वगळून अकरा दिवस, सकाळी दहा ते पाच. आमची शाळा दोन शिक्षकी. सहशिक्षिका मिनल मॅडम बाळंतपणाच्या रजेवर आहेत. बदली शिक्षक मागून तीन महिने झाले. म्हणजे स्थलांतरित मुलांचं शिक्षण अखंड कसं ठेवावं हे शिकण्यासाठी मी स्थलांतरित मुलांची शाळा अकरा दिवस बंद ठेवायची. पर्यायी व्यवस्था शाळा स्तरावर करावी, असं आपण लिहिलं आहे. शाळा स्तरावर माझ्याखेरीज फक्त गोजाबाई आहेत. त्या पोषण आहार शिजवतात. आदेशाचा मान राखून मी त्यांना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, व्हय बाई, खिचडीचा हंडा उतरवते आन् शिकवते की, पण मला लिवता येत न्हाई, साहेबास्नी चालंल का? चालत असल्यास तसे लेखी कळवावे.

५. एवढं सारं बाजूला ठेवलं तरी मी येणार नाही, त्याचं कारण दिव्या आहे. तिचे वडील किसन इथल्या एका कारखान्यात ठेक्यावर सुटे भाग भरायच्या कामाला आहेत. त्यांचा ठेका २८ फेब्रुवारीला संपतो. एक मार्चला कुटुंब निघणार. कुठे, ते ठेकेदार सांगेल. ही तिची तिसरी शाळा. आधीच्या दोन्ही ठिकाणी अक्षरं अर्धी व्हायच्या आत बिऱ्हाड उठलं आणि पुढच्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. किसनभाऊ मागच्या आठवड्यात शिफ्ट संपवून तसेच शाळेत आले. मॅडम, लेकराला बसवरची पाटी वाचता येऊ द्या, मला येत नाही म्हणून मी दोनदा भलत्याच गावाला उतरलोय, असं म्हणाले. मी हो म्हटलं आहे. त्यांना दिलेला शब्द आपल्या पत्राच्या आधीचा आहे.

दिव्याची काना, मात्रा, वेलांटी झाली. उकार चालू आहेत. जोडाक्षरं राहिली. रोज दोन तास मिळाले तर अकरा दिवसांत ती वाचू लागेल. नेमके हेच अकरा दिवस आपण मागत आहात. वाचायला लागलेलं मूल पुढे कुठल्याही शाळेत, कुठल्याही रकान्यात टाका, ते तरून जातं. अर्धवट राहिलेलं पुन्हा मागे पडतं. हे मला कुठल्या सभागृहात कळलेलं नाही. एकोणीस वर्षं इथल्या पोरांसमोर उभं राहून कळलं आहे.

६. मी प्रशिक्षणाच्या विरोधात आहे, असा शेरा कृपया मारू नये. मी नोकरीला लागले त्या वर्षी आपल्याच संस्थेच्या एक बाई माझ्या वर्गात चार दिवस पोरांबरोबर सतरंजीवर बसल्या होत्या. मुलं येता-जाता ज्या पाट्या पाहतात, तिथून वाचन सुरू कर, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं. दिव्याला च कळला तो कंपनीच्या बसवरच्या चाकणमधून आणि आ कळला आकुर्डीमधून. ती संस्था मला हवी आहे. जी शाळेत येते, अडतं कुठे ते बघते आणि शिक्षकाच्या हाताला हात लावते, ती. जिल्ह्याला अशी संस्था द्यायची ती याचसाठी. आमच्या वस्तीवर आपल्यापैकी कोणी आल्याला सहा वर्षं होऊन गेली. हिंजवडीच्या ट्रॅफिकची सबब मला सांगू नये. मी याच पट्ट्यात राहते.

सबब माझं म्हणणं असं, की १६ तारखेपासून श्री. देसले यांना अकरा दिवस माझ्या वर्गात पाठवावं. मला काही येत नसेल तर तिथे शिकवावं, मी विद्यार्थिनी होऊन ऐकेन. त्यांना काही येत नसेल तर तेही तिथेच शिकतील. क्र. १४ समोर त्यांना स्वतः बसता येईल आणि अधोगती म्हणजे काय ते तिला विचारता येईल. जेवणाची सोय गोजाबाई करतील.

हे मान्य नसेल तर गैरहजेरीबद्दल माझ्या निलंबनाची शिफारस होईल, असं आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. खुशाल करावी. आदेश घरी न पाठवता शाळेच्या पत्त्यावर पाठवावा. आमच्याकडे शाळेत येणारा प्रत्येक कागद आधी एक मूल वर्गासमोर मोठ्याने वाचतं आणि या महिनाअखेरीस ती पाळी दिव्याची आहे. म्हणून अक्षर ठसठशीत असावं. आज दुपारी निलंबन हा शब्द मी फळ्यावर लिहून पाहिला. तिने तो एका दमात वाचला आणि लगेच अर्थ विचारला. मी म्हटलं, आधी अठ्ठावीस तारीख होऊ दे, मग सांगते.

आपल्या उत्तराची वर्गातच वाट पाहणारी,

(सही)
विजयश्री मा. काळोखे
प्रभारी मुख्याध्यापिका, बोरजाईवस्ती