शिंगणापूरची चाल आणि रक्तातला आकडा

६ जाने. १९७३, शनि.
राहुरीहून शिंगणापूर, अनवाणी. नवस आईचा, चाल माझी. निघताना म्हणाली, "माझ्या अंगातलं तुझ्यात नसू दे, येवढंच मागितलंय." येताना एस.टी.ने आले. पोटऱ्यांचे दगड झालेत. परवा पुण्याला रक्त तपासायला द्यायचं.

८ जाने., सोम.
रक्त दिलं. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. स्नायूंत एक एन्झाइम असतं, स्नायूला ताकद पुरवणारं. स्नायू झिजले की ते रक्तात झिरपतं. धाकट्या भावाच्या, दिलीपच्या रक्तात भरमसाट. दोष एका जीनमध्ये, आईकडून आलेला. मुलींना सहसा काही होत नाही, पण त्यांच्या मुलग्यांना होऊ शकतं. मामा असाच गेला. आता दिलीप, तेरा वर्षांचा, दोन वर्षं खाटेवर. माझ्याही रक्तात त्याचा आकडा जास्त निघाला तर...
सुई टोचण्याआधी त्यांनी विचारलं, "दोन-तीन दिवसांत फार श्रम, लांबचं चालणं?" नवसाचं सांगायची लाज वाटली. शाळेत शास्त्र शिकवते ना मी! "नाही" म्हणाले.

१५ जाने., सोम.
काल तिळगूळ देताना वसंतराव नुसते हसले. आमच्याच शाळेत गणित शिकवतात, मागणी घालून महिना झाला. आकडा आला की उत्तर देईन म्हटलंय.
आज पत्र. आकडा जास्त.
वर्गात काय शिकवलं देव जाणे.

१६ जाने., मंगळ.
आई म्हणे, नवसात कमी पडलं. "अजून येक शनिवार चालून ये."
ओरडलेच. "अगं, चालण्यानंच वाढला असेल आकडा!"
आई म्हणाली, "मंजी दोन्हीकडून मीच व्हय?"
का बोलले मी. डॉक्टरांना सगळं खरं लिहून टाकलं. लाज गेली चुलीत.

२४ जाने., बुध.
उत्तर आलं. दहा दिवस कष्ट बंद, मग पुन्हा रक्त. खाली एक ओळ: आकडा कमी आला तरी दोष नाहीच, असं छातीठोक सांगता येत नाही.
मग कशाला हा खटाटोप? तरी जाणार.
आई मला घागर उचलू देत नाही. विहिरी आटल्यात, टँकरपर्यंत तिच्याच खेपा. मी बसून. बसवत नाही.

५ फेब्रु., सोम.
पुणे. रक्त दिलं. या वेळी न विचारताच सगळं सांगितलं. आठवड्यानं कळेल.

६ फेब्रु., मंगळ.
संध्याकाळी दिलीपच्या पाठीला उशी लावत होते. उशाशी रेडिओ, कॉमेंट्री चालू. एकदम म्हणाला, "ताई, तुझा पोरगा माझ्यासारखा होऊ नये म्हनूनच ना हे समदं?"
"तसं नाही रे."
"मग कसं?"
उशी पुन्हा सारखी केली. तसंच आहे.
"माझ्यासारखं असनं कसं असतं, ते मला कुनी इचारलंच न्हाई."
विचारलं, "कसं असतं?"
"थांब. ओव्हर संपू दे."
ओव्हर संपली. दुसरी सुरू झाली. मी तिथंच बसून.