ओसोरोने वेचून घेतलेला घेवडा

सुनेका बाजार,
गुरुवार, दुपार

ती. न्यानचामाताईस,

धाकट्या केमुंतोचा भाजीच्या फळीवरूनच नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला? मागच्या चिठ्ठीत ‘सगळे मजेत’ एवढेच लिहिलेस, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. मजेत असणारी माणसे तसे लिहून कळवत नाहीत.

फोन मुद्दामच केला नाही. शेजारच्या फळीवर मासेवाली अकोथ बसते आणि तिचे कान (देवाने दोनच दिले असले तरी) चौघींचे काम करतात. म्हणून ही चिठ्ठी तुमच्या नाकुरूला जाणाऱ्या मटाटू गाडीच्या ड्रायव्हरकडे देते आहे. पाकीट उघडलेले दिसले तर तसे कळव.

तर तुझ्या भाचीची, बोचाबेरीची, जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा मंगळवारी आहे, बोर्डाची. सराव परीक्षेत तिला डी मिळाला. सी आला नाही तर नर्सिंगला घेणार नाहीत, आणि मग ती जन्मभर माझ्याशेजारी टोमॅटो रचत बसेल. मला ते नको आहे, ताई. अजिबात नको आहे.

परीक्षेला कोणत्या वस्तू लागतील ते सरकार शाळेला आधीच बंद पाकिटातून कळवते. ते पाकीट बघतो प्रयोगशाळेतला ओसोरो, आणि तो दातखीळ बसल्यासारखा गप्प असतो. पण सामान घ्यायला त्याला बाजारातच यावे लागते ना! सोमवारी आला. माझ्याकडून घेवडा घेतला. चाळीस दाणे, एकेक वेचून, सारख्या आकाराचे. भाव केला नाही (इथेच मी सावध झाले) आणि वर पावती मागितली. बायकोने शिजवायला आणायला सांगितलेल्या घेवड्याची कुणी पावती मागतो का?

घरी जाऊन पोरीला म्हटले, "बाकीचं सोड, घेवडा पाठ कर." म्हणाली, "आई, घेवड्यात पाठ करण्यासारखं काय असतं?" मी म्हटले, "ते पुस्तकाला विचार. मी फक्त विकते."

दुसऱ्या दिवशी बघते तर ओसोरो अकोथपाशी! मी सहजच (म्हणजे टोमॅटो उघड्यावर टाकून, धावत) गेले. "काय गं, काय घेतलं त्यानं?" तर म्हणते, "कुठं काय? पोराबाळांची चौकशी करून गेला." आणि तिकडे त्याच्या पिशवीतून तिलापिया माशाचे शेपूट बाहेर! तिचा मुलगाही बोचाबेरीच्याच वर्गात आहे. हल्ली तो कल्ल्यांशिवाय दुसरे बोलत नाही म्हणे. केळेवालीची मुलगी केळी कापून चित्रे काढते आहे. आता हा लबाड प्रत्येकीकडून एकेक वस्तू घेऊन आम्हाला खेळवतो आहे, की खरेच सगळे येणार आहे, की त्याच्याकडे पाहुणे आलेत, काही कळायला मार्ग नाही.

म्हणून रोज संध्याकाळी पोरीला समोर बसवते आणि सगळेच विचारते. इंग्रजी पुस्तक मला वाचता येत नाही, ती आपल्या भाषेत सांगते. पण ती मला गुंडाळत नसेल कशावरून? तेव्हा मी प्रत्येक वाक्याला "कशावरून?" म्हणते. परवा म्हणाली, मासा पाण्यातच श्वास घेतो. मी म्हटले, "कशावरून? तू पाहिलास?" दोन तास गेले त्यात.

बाकी लोकांच्या पिशव्यांत डोकवायची आपल्या घरात कुणाला सवय नाही, हे तू जाणतेसच.

तुझी,
केमुंतो

ता. क. परीक्षा देशभर एकच असते. तुझ्या घराजवळच्या शाळेचा माणूसही बाजाराला येईलच. उद्याच जा, त्याच्या पिशवीत नीट बघ आणि फोन कर. फोनवर नाव घेऊ नकोस. घेवडा असेल तर ‘आत्या आली’ म्हण, मासा असेल तर ‘आत्या गेली’.

आणखी एक ता. क. मावशी, मी बोचाबेरी. पाकीट चिकटवायला आईने माझ्याकडेच दिले आहे. ओसोरो सरांनी काय घेतले ते मला नाही कळले तरी चालेल. पण आईच्या "कशावरून?"ला उत्तर देता देता मला हा विषय पहिल्यांदाच समजायला लागला आहे. वर्गात असे कुणी विचारलेच नव्हते. काल रक्ताभिसरण सांगताना मी अडले, तर सहावीत शाळा सुटलेली आईच म्हणाली, "अगं, डावीकडून बाहेर, उजवीकडे परत!" आणि मग स्वतःच लाजली. तू पक्के काही कळवलेस तर ती निर्धास्त होईल आणि माझ्यासमोर बसायची नाही. म्हणून हात जोडते, मंगळवारपर्यंत तिची कशाबद्दलही खात्री पटू देऊ नकोस.