एका दाराला तीन पहारेकरी

सोमवार, ४ मार्च

कॉम्प्युटर चालू केला. चहा ठेवला, गाळला, प्यायले, कप विसळला — पडद्यावरचं ते चक्र अजून फिरतंच आहे!

छापखान्याच्या मालकांनी एका पुस्तकाची मुद्रितं तपासायला दिली आहेत. पेनड्राइव्हवर. "वहिनी, हल्ली कागदावर काही नसतं. शनिवारपर्यंत दोन प्रकरणं करून द्या. जमलं तर पुढचं काम तुमचंच." जमलं तर! शाळा सातवीत सुटली माझी, पण सामान बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय मी फेकत नाही. चुका मला भातातल्या खड्यासारख्या लागतात. घोडं अडलंय ते यांच्या या खोक्यापाशी. हे गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही.

मुलाचा फोन. "आई, फेक ते भंगार. आणि काम कशाला हवंय तुला? घर विकू, तू इकडे ये." काम मिळालं नाही तर मला एकटीला हे घर चालवता येणार नाही, ते त्याला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. म्हणूनच हवंय.

मंगळवार, ५ मार्च

दुरुस्तीवाल्याकडे गेले. "मावशी, या वयाच्या मशीनची सेवा करायची नसते, निरोप द्यायचा असतो."

म्हटलं, "माझंही वय झालंय. मलाही देतोस का निरोप?"

ओशाळला. मग म्हणाला, "आतली धूळ काढा. आणि चालू होताना काय काय आपोआप उघडतं ते बघा. नको ते काढून टाका."

एवढं पुरे.

बुधवार, ६ मार्च

वायर उपसली, बाजूचा पत्रा काढला. आतल्या पंख्यावर मांजर झोपलंय की काय असं वाटावं इतकी धूळ! कोरडा ब्रश हळूहळू फिरवला. शिंकून शिंकून डोळ्यांना पाणी. पण घरघर गेली. पत्रा परत लावताना एक स्क्रू उरला. उरू दे.

गुरुवार, ७ मार्च

चालू होताना काय काय उघडतं, ते आज पाहिलं. हवामान, रेडिओ, बुद्धिबळ, आणि व्हायरसवर पहारा ठेवणारे प्रोग्रॅम — एक नाही, तीन!

हे तसेच होते. दाराला कडी, कडीला कुलूप, आणि कुलूप नीट लागलंय का बघायला अर्ध्या जिन्यातून परत. एका पहारेकऱ्यावर भरवसा नाही म्हणून दुसरा, दुसऱ्यावर नजर ठेवायला तिसरा. मी साधी फाइल उघडली की तिघं मिळून तिची झडती घेणार, मग एकमेकांची!

दोघांना घरी पाठवलं. हे असते तर भांडले असते. भांडले असते तर किती बरं झालं असतं.

शुक्रवार, ८ मार्च

दारात दलाल! "साहेबांनी सांगितलंय, घर बघून घ्या."

"साहेब तिकडे राहतात. इथे मी राहते." आत घेतलाच नाही.

लगेच मुलाला फोन. "मला न विचारता?"

"आई, तुझ्या भल्यासाठीच —"

"माझ्या भल्याचा मक्ता तुला कुणी दिला?"

त्याने फोन ठेवला. एरवी शब्दाला शब्द वाढवतो.

त्याच तिरमिरीत साफसफाईला बसले. या कॉम्प्युटरची कचरापेटी यांनी कधीच रिकामी केली नव्हती! टाकलेलंही जपून ठेवलेलं. सगळं उडवलं. रेडिओ, हवामान, तेही. मग बुद्धिबळ. ते उघडलं तर पटावर डाव अर्धा. चाल यांची. बराच वेळ नुसती बघत बसले. शेवटी वजीर पुढे सरकवला आणि बघता बघता हरले. हरले तर हरले, डाव तर संपला! मग तेही काढून टाकलं.

कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला. पाण्याचं भांडं भरून येते तोवर तयार!

शनिवार, ९ मार्च

दोन्ही प्रकरणं पोचती केली. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला, बऱ्याच ठिकाणी मान हलवली, दोन ठिकाणी वाद घातला. एका ठिकाणी मी चुकले होते. कबूल केलं. दुसऱ्या ठिकाणी मी हटले नाही.

"वहिनी, तुम्ही हट्टी आहात."

"म्हणून तर चुका सापडतात."

उरलेलं पुस्तक माझं! त्याच्या पुढचंही माझं!

रविवार, १० मार्च

मुलाला कळवलं — घर विकायचं नाही, मी येणार नाही, हा विषय माझ्याकडून संपला. "बरं," एवढंच म्हणाला. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. एकही लागलं नाही.

बुधवार, १३ मार्च

आज सुनेचा फोन. रडत होती. मुलाची नोकरी दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीबरोबर कधीच बुडाली. भाडं थकलंय, घरमालक थांबत नाही. "तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती यांनी, आई."

म्हटलं, सामान बांधा आणि या. घर आहे.